ओपन पीअर रिव्ह्यू: वर्षभर वापरल्यानंतर

जर्नलकडे आलेला पेपर छापण्याआधी त्याच क्षेत्रातले समीक्षक तपासतात; एरवी हे गुप्त आणि निनावी असतं. ओपन रिव्ह्यूत समीक्षकांचे रिपोर्ट छापले जातात, कधी नावंही. गेलं वर्षभर मी ही पद्धत दोन्ही बाजूंनी वापरतोय. आमच्या लॅबचा पेपर ओपन रिव्ह्यूतून गेला, आणि इतरांच्या पेपरांवर मीही नावानिशी रिपोर्ट लिहिले. मत आधीच सांगतो: रिपोर्ट छापायलाच हवेत, समीक्षकाच्या नावाची सक्ती मात्र नको.

छापील रिपोर्टचा खरा फायदा लॅबमधल्या पोरांना झाला. 'एम्बो जर्नल' हे जीवशास्त्राचं जर्नल २००९ पासून पेपरसोबत समीक्षेचा सगळा पत्रव्यवहार देतं. आमच्या जर्नल क्लबमध्ये, म्हणजे पेपर एकत्र वाचायच्या बैठकीत, आता पेपरच्या आधी ती फाइल उघडते. समीक्षकाने विचारलेलं असतं, "फिगर ३ मध्ये कंट्रोल (तुलनेसाठीचा प्रयोग) कुठे आहे?" त्यावर लेखक नवा प्रयोग करतात की पानभर सारवासारव, हे बघितलं की पेपर किती पाण्यात आहे ते कळतं.

'ईलाइफ' या जर्नलने २०२३ पासून आणखी पुढची उडी मारली. एकदा समीक्षेला गेलेला पेपर ते नाकारत नाहीत. रिपोर्टसह छापतात आणि पुरावा 'कन्व्हिन्सिंग', 'सॉलिड' की 'इन्कम्प्लीट' हे ठरावीक शब्दांत सांगतात. वाचक म्हणून मला हे फार आवडतं. पण प्रमोशनच्या फॉर्मला इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या पेपरांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो तो आकडा) लागतो, आणि तो ज्यावरून काढतात त्या 'वेब ऑफ सायन्स' या डेटाबेसने याच पद्धतीवरून ऑक्टोबर २०२४ मध्ये 'ईलाइफ'चे नवे पेपर घेणं थांबवलं होतं. शिवाय 'इन्कम्प्लीट'चा शिक्का घेऊन पीएचडीच्या पोराने पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेच्या) मुलाखतीला जायचं कसं?

आता नावाचं. एक चांगलं झालं: "माझेही पेपर साइट करा", म्हणजे संदर्भात घाला, हा निनावी समीक्षकांचा आडून आग्रह बंद झाला. पण आपली क्षेत्रं लहान. ज्यांच्या पेपरवर आज लिहायचं, तेच उद्या ग्रँटच्या कमिटीत. माझी नोकरी पक्की आहे म्हणून मी सही करतो, आमची पोस्टडॉक सरळ म्हणाली, "सर, तुमचं नाव घाला, माझं नको." 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलने १९९९ मध्ये छापलेल्या चाचणीतही हेच दिसलं होतं: नाव लेखकांना कळणार म्हटल्यावर रिपोर्टचा दर्जा बदलला नाही, नकार देणारे समीक्षक मात्र वाढले. माझीही भाषा मवाळ होते. "हा निष्कर्ष निघत नाही" लिहायला बसतो आणि "लेखकांनी याचा पुनर्विचार करावा" असं काहीतरी उमटतं.

वेळही जास्त जातो. छापून येणार म्हटल्यावर स्वल्पविरामसुद्धा तपासतो. मानधन अर्थात पूर्वीइतकंच, शून्य.