सुगंधविरहित शाम्पू आणि क्रीम : काही महिन्यांच्या वापरानंतर

कानामागे आणि मानेवर वारंवार उठणारे लालसर चट्टे कोंड्याचे नसून ॲलर्जीचे आहेत, हे त्वचारोगतज्ज्ञांनी केलेल्या पॅच टेस्टमध्ये (संशयित द्रव्ये त्वचेवर चिकटवून केलेल्या ॲलर्जीच्या चाचणीत) स्पष्ट झाले. कारणे दोन निघाली : मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे प्रिझर्व्हेटिव्ह आणि सुगंधी द्रव्ये. तेव्हापासून ही दोन्ही नसलेला शाम्पू आणि क्रीम मी नियमितपणे वापरत आहे. खाज काही आठवड्यांत ओसरली आणि चट्टे पुन्हा उठलेले नाहीत.

युरोपीय महासंघाने हे प्रिझर्व्हेटिव्ह त्वचेवर तसेच राहणाऱ्या प्रसाधनांत २०१७ पासून वापरू दिलेले नाही, आणि धुऊन टाकायच्या उत्पादनांत त्याची मर्यादा ०.००१५ टक्के ठेवली आहे. इतक्या अल्प प्रमाणामुळे घटकांच्या यादीत त्याचे नाव सहसा अगदी शेवटी, बारीक अक्षरांत सापडते. एक टक्क्याहून कमी असलेले घटक कोणत्याही क्रमाने छापण्याची मुभा असल्यामुळे यादी शेवटपर्यंत वाचण्याला पर्याय नाही. ‘परफ्युम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ या एका शब्दाआड तर अनेक द्रव्ये असू शकतात. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या उत्पादनातही मूळ वास झाकण्यासाठी सुगंध घातलेला असू शकतो, म्हणून मी ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ असे लिहिलेलेच घेतो, आणि तरीही यादी तपासतो.

‘केमिकल-फ्री’ या जाहिरातीला मात्र काडीचाही अर्थ नाही. पाणीसुद्धा रसायनच आहे. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सुगंधी तेलांतील लिमोनीन आणि लिनालूल हवेशी संयोग पावल्यावर ॲलर्जी निर्माण करू शकतात, त्यामुळे ती तेलेही मी वर्ज्य केली आहेत. पॅराबेन या गटातली प्रिझर्व्हेटिव्ह सरसकट टाळण्याची गरज मला वाटली नाही, कारण मिथाइल आणि इथाइल पॅराबेन ठरावीक मर्यादेत युरोपातही वापरता येतात, शिवाय पॅच टेस्टमध्ये मला त्यांचा त्रास दिसला नव्हता.

तक्रारी आहेतच. शाम्पूला फेस बेताचाच येतो आणि तेल लावलेले केस दोनदा धुवावे लागतात. क्रीम रुंद तोंडाच्या डबीत मिळते, ही मला मोठीच उणीव वाटते : सौम्य प्रिझर्व्हेटिव्ह असलेल्या क्रीममध्ये रोज ओली बोटे बुडाली, तर जंतू वाढायला वाव मिळतो. एका डबीतील क्रीम तळाशी पिवळसर पडून तिला आंबूस वास येऊ लागला होता, तेव्हा ती टाकून दिली. आता कोरड्या, स्वच्छ चमच्यानेच क्रीम काढतो. शाम्पू पुन्हा निश्चित घेईन. क्रीम मात्र ट्यूबमध्ये किंवा पंपाच्या बाटलीत आली तरच.