तात्पुरत्या बराकीचं काय जपायचं? जॉर्जियातल्या ‘कंपनी स्ट्रीट’चं परीक्षण

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, कोलंबस गावाजवळ, फोर्ट बेनिंग या लष्करी तळाच्या वेशीबाहेर नॅशनल इन्फन्ट्री म्युझियम आहे. २००९ साली उघडलेल्या या संग्रहालयात येणारे बहुतेक जण ‘लास्ट हंड्रेड यार्ड्स’ नावाचा, लढायांचे देखावे मांडलेला चढ पार करतात, दालनं बघतात, पोरं सिम्युलेटरवर बंदुका चालवून घेतात आणि गाडी अटलांटाच्या रस्त्याला लागते. बाहेर उघड्यावर लाकडी इमारतींची एक छोटी वसाहत आहे, तिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तिचं नाव ‘वर्ल्ड वॉर टू कंपनी स्ट्रीट’. बराक, जेवणघर, चॅपल, कंपनीचं कार्यालय, सामानाची खोली, शिवाय दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी सेनापती जनरल पॅटन याचं मुख्यालय आणि त्याची झोपण्याची जागा, अशा सात इमारती तळावरून उचलून इथे आणून बसवल्या आहेत. हे परीक्षण त्यांचं, आणि त्यातही बराकीचं.

आपल्याकडे खडकी-देवळालीची बराक म्हटली की डोळ्यांपुढे जाड भिंती, उंच छत आणि व्हरांडा येतो. इथली बराक म्हणजे खिळे मारून उभा केलेला लाकडी खोका. अमेरिकी सैन्याने तिला ‘७०० मालिका’ असं कोरडं नाव दिलं होतं. १६ सप्टेंबर १९४० रोजी सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. त्या वर्षाच्या मध्यावर अमेरिकेचं सैन्य पावणेतीन लाखांच्या आत होतं, पुढच्या वर्षी त्याच सुमाराला ते साडेचौदा लाखांच्या आसपास गेलं. एवढी माणसं झोपवायची कुठे? उत्तर म्हणून एकच नकाशा देशभर वापरला गेला: रुंदी सुमारे ३० फूट, लांबी ८०, दोन मजले, ६३ माणसं. लाकूड आवारातच एका मापात कापायचं, एका टोळीने पाये घालायचे, दुसरीने सांगाडा उभा करायचा, तिसरीने फळ्या ठोकायच्या, आणि मग सगळ्या टोळ्या पुढच्या बराकीकडे सरकायच्या. मोटार कारखान्याचीच पद्धत, फक्त इथे वस्तू जागेवर आणि माणसं सरकती.

बघायला सुरुवात तळापासून करा. कोकणातल्या जुन्या घरात लाकडी खांब तळखड्यावर उभा असतो, तोच विचार इथे काँक्रीटच्या ठोकळ्यांत आहे: लाकूड मातीला टेकता कामा नये. तळमजल्याच्या फळ्यांखालून हवा खेळली की तुळया कोरड्या राहतात. ठोकळा आणि तुळईच्या मध्ये पत्र्याची टोपी दिसते का, ते वाकून पाहा. ती वाळवी मारत नाही. वाळवीला टोपीला वळसा घालून मातीची नळी बांधायला लावते, म्हणजे ती नळी तपासणाऱ्याला दिसते. जुन्या बराकींचं सर्वांत मोठं नुकसान होतं ते ही मोकळी जागा कुणीतरी नंतर फळ्यांनी किंवा मातीच्या भरावाने बुजवल्यामुळे. शोभेची झुडपं भिंतीलगत लावणं हाही त्यातलाच प्रकार.

मग नजर वर न्या. मूळ आराखड्यात दोन मजल्यांच्या मधोमध, खिडक्यांच्या वर, भिंतीला लागून एक अरुंद उतरता छज्जा असतो. कागदपत्रांत त्याला ‘अ‍ॅक्वा मीडिया’ असं भारदस्त नाव आहे. काम मात्र पागोळ्यांचंच: झडीचं पाणी खिडकीच्या चौकटीत शिरू द्यायचं नाही. संपूर्ण इमारतीत ‘डिझाइन’ म्हणावं असं हे एकच अंग, आणि कुजायला सुरुवातही तिथूनच होते. छज्जा भिंतीला मिळतो त्या सांध्यावरचा पत्रा उचकटला की पाणी फळीच्या मागे उतरतं. बाहेरून रंग ठणठणीत दिसतो आणि आत लाकूड भिजत राहतं.

आत गेल्यावर छताकडे नाही, भिंतीकडे पाहा. अस्तर नाही, उष्णतारोधक थर नाही. उभे वासे उघडे, आणि त्यांच्या पलीकडे थेट बाहेरची फळी. जॉर्जियाच्या जुलैत इथे काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. मधल्या वाटेच्या दोन्ही अंगांना खांबांची रांग, खांबांवर मधल्या तुळया, आणि दोन्हीकडे खाटा. एका खाटेचं उसं ज्या बाजूला, शेजारच्या खाटेचं पायथं त्या बाजूला. ही शिस्त दिसायला छान म्हणून नव्हती. शेजाऱ्याच्या खोकल्याची थुंकी तोंडावर येऊ नये, मेंदूज्वर आणि इन्फ्लुएन्झा पसरू नये, म्हणून तसा नियम होता. पहिल्या महायुद्धाच्या छावण्यांत साथींनी जे केलं ते सैन्याच्या डॉक्टरांना चांगलं आठवत होतं. खांबांवर खिळ्याने ठोकलेले, लाल रंगवलेले डबे असत. ते सिगारेटची थोटकं टाकायला. कोरडं पाइन लाकूड, रात्री ६३ माणसं आणि कोळशाची भट्टी, म्हणून रात्रभर आळीपाळीने एकजण आगीची राखण करत जागा राही.

संडास-न्हाणीघराची आखणी नकाशातच समजून घ्या. १९१७च्या छावण्यांत ते वेगळ्या इमारतीत असे. ७०० मालिकेत ते तळमजल्याच्या एका टोकाला घरात आलं, ही त्या काळची मोठी सुधारणा. कमोडांच्या मध्ये आडोसा मात्र नाही, सगळं उघड्यावर. एकांत ही चीज नकाशातून सरळ वगळलेली आहे, आणि दोन पानांचा माहितीफलक जे सांगणार नाही ते ही एक भिंत नसणं सांगून जातं.

आता मुद्द्याचं. या इमारतीचं वारसामूल्य नेमकं कशात? कोरीव कामात नाही, नामवंत स्थापत्यकारात नाही, दुर्मिळतेत तर मुळीच नव्हतं. ते होतं एकसारखेपणात. एका पायदळ कंपनीत साधारण १९० माणसं, म्हणजे अशा तीन बराकी. अशा कंपन्यांच्या रांगा, रांगांमागे रांगा, प्रत्येक दार सारखं, प्रत्येक खिडकी सारखी. नवखा शिपाई रात्री परतताना चुकीच्या बराकीत शिरे तो त्यामुळेच. इथे जी बराक आहे ती एकटी आहे. एकटी असली की ती ‘खास’ वाटते, आणि तिचं सगळं म्हणणं तर आपण खास नाही हेच होतं. संग्रहालयाने जेवणघर, कार्यालय, चॅपल सोबत ठेवून रस्त्याचा आकार सांभाळला, हे शहाणपणाचं. पण बघताना मनाने ही बराक निदान शंभरने गुणावी लागते, आणि ते कुठेतरी मोठ्या छायाचित्रातून शेजारीच दिसायला हवं.

हलवलेल्या इमारतीचा प्रश्नही सोपा नाही. अमेरिकेत ऐतिहासिक वास्तूची अस्सलता सात कसोट्यांवर घासतात: स्थान, रचना, परिसर, साहित्य, कारागिरी, अनुभूती आणि संबंध. जागा सोडली की स्थान आणि परिसर हे दोन गुण तिथेच जातात. म्हणून ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत हलवलेल्या इमारतींना सहसा जागा मिळत नाही. तरी इथे दुसरा मार्ग फारसा नव्हता. १९८३ साली अमेरिकी संसदेने दुसऱ्या महायुद्धातल्या अशा तात्पुरत्या इमारती पाडायला संरक्षण खात्याला सांगितलं. १९८६ साली वारसा संस्थांशी करार झाला, त्याचा गाभा असा: आधी नमुन्यांची मोजमापं, नकाशे आणि छायाचित्रं नीट करून ठेवा, मग पाडा. म्हणजे कागद जपला, लाकूड गेलं. त्या पार्श्वभूमीवर तळाच्या वेशीशी आणून ठेवलेली बराक हा वाईट सौदा नाही. मूळ जागेवरचा संच बघायचा असेल तर विस्कॉन्सिनमधल्या फोर्ट मकॉयला पाच इमारती राखून ठेवल्या आहेत. पण तो चालू तळ आहे, आत जायच्या अटी आधी विचारून घ्याव्या लागतात.

कारागिरी या कसोटीवर अशी बराक अनपेक्षितपणे श्रीमंत ठरते. मूळ वाशांवर खिळ्याच्या डोक्याभोवती हातोडी चुकल्याचे अर्धगोल खळगे शोधा. घाईत, अर्धशिक्षित सुतारांच्या हातून झालेल्या कामाचा तो शिक्का. दुरुस्ती करणाऱ्याने तो वासा गुळगुळीत रंधून टाकला की पुरावा संपला. म्हणून अशा इमारतीत नियम सोपा: कुजलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंतच कापायचा, त्याच जातीच्या जुन्या पाइनचा तुकडा सांध्याने बसवायचा, आणि फळी बसवण्याआधी तिच्या कापलेल्या टोकांना प्रायमर पाजायचा. टोक हे लाकडाचं तोंड, पाणी तिथूनच पितं. खालच्या पत्र्याला फळी टेकवायची नाही, पाव इंच फट ठेवायची. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत राहिला तर कुज सहसा धरत नाही. मीटर नसेल तर टोकदार स्क्रूड्रायव्हर पुरतो: कडेला टोचून तो लोण्यात शिरल्यासारखा गेला की समजायचं.

रंग १९७८च्या आधीचा असेल तर त्यात शिसं धरूनच चालायचं. कोरडं घासायचं नाही, ज्योतीने जाळायचं तर अजिबात नाही. हीट गनही ११०० अंश फॅरनहाइटच्या खालीच. आणि सगळ्यांत मोहाची चूक म्हणजे वातानुकूलन. अस्तर नसलेल्या भिंतीच्या आत गार हवा आणि बाहेर दमट जॉर्जिया, मग फळीच्या अंगावर दव धरतं आणि रंगाचे पापुद्रे निघतात. अस्तर लावलं तर उघडे वासे झाकले जातात, म्हणजे बघण्यासारखं होतं तेच गेलं. पंखा, उघडी खिडकी आणि पाहुण्यांचा थोडा घाम, हाच खरा उपाय.

एक गोष्ट मात्र या रस्त्याने आणखी ठळकपणे सांगायला हवी. एकाच नकाशाच्या बराकी होत्या, पण गोऱ्या आणि काळ्या सैनिकांच्या वेगवेगळ्या. ५५५वी पॅराशूट बटालियन, ‘ट्रिपल निकल्स’, हे कृष्णवर्णीय छत्रीसैनिक याच तळावर तयार झाले. १९४१ साली फेलिक्स हॉल या काळ्या सैनिकाचा मृतदेह याच तळावरच्या जंगलात फासाला लटकलेला सापडला. सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश १९४८चा. पॅटनच्या खोलीपेक्षा हा इतिहास बराकीच्या दाराशी जास्त शोभतो.

प्रत्यक्ष भेटीसाठी: अटलांटाहून आय-८५ आणि मग आय-१८५, दोन तासांच्या आत. तळाच्या आत जावं लागत नाही, त्यामुळे लष्करी ओळखपत्राची कटकट नाही. प्रवेशाला तिकीट नाही, देणगीची अपेक्षा असते. लाकडी इमारती आतून कधी उघड्या असतात ते निघण्याआधी फोनवर विचारा, नाहीतर काचेला नाक लावून परत यावं लागेल. आई-बाबा सोबत असतील तर उन्हाळ्यात १२ ते ४ टाळा, सावली कमी आहे. नावाचा घोळही होतो: २०२३ ते २०२५ या काळात तळ फोर्ट मूर होता, आता परत फोर्ट बेनिंग, त्यामुळे जुन्या नकाशांवर दोन्ही सापडतील.

पाचपैकी चार. जमलं तर सकाळीच पोचा. ऊन भिंतीवर तिरपं पडलेलं असताना फळ्यांची प्रत्येक ओळ, खिळ्याचं प्रत्येक डोकं आणि भिंतीला जिथे पोट आलंय ती जागा स्वतःहून उठून दिसते. डोक्यावर ऊन आलं की तेच सगळं एक सपाट रंगवलेली भिंत होऊन बसतं.