बेळगावात टिळकवाडीतला निर्बंधांवरचा वीकेंड क्लास : ४ स्टार, एक कापला बँकेसाठी

बाहेरच्या देशांनी निर्बंध घातले की एखादा देश कसा सावरतो आणि ते कॉम्प्युटरवर मांडायचं कसं, एवढ्या एकाच विषयाचा हा शनिवार-रविवारचा क्लास. मी उद्यमबागेत फौंड्रीत पर्चेसला, शिक्षण बी.कॉम., तरी सगळं डोक्यात शिरलं कारण सर मराठीत शिकवतात आणि कुणाला अडलं की कन्नडमधनं पण सांगतात.

सुरुवात लिओन्टिएफ या अर्थशास्त्रज्ञाच्या इनपुट-आउटपुट टेबलनं. कुठला उद्योग कुणाचा किती माल खातो ते एक्सेलमध्ये, प्रमाण फिक्स, त्यामुळं युक्रेन युद्धावरनं निर्बंध लागलेल्या रशियाला येणारे पार्ट निम्मे केले की गाड्या पण निम्म्या. मग दुसरं मॉडेल, एका देशाचा माल थांबला तर दुसऱ्याचा किती सहज चालतो त्याचा एक आकडा असतोय, तो आपण वाढवत गेलो की घट कमी कमी होत जाते. हे स्वतः करून बघायला लई भारी वाटतं. आयएमएफनं (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) एप्रिल २०२२ मध्ये रशियाच्या अर्थव्यवस्थेत त्या वर्षी ८.५ टक्के घट सांगितलेली, झाली ती त्यापेक्षा कितीतरी कमी, दोन टक्क्यांच्याही आत, कारण तेल भारत-चीनकडं वळलं, माल तिसऱ्या देशातनं यायला लागला, रशियानं व्याजदर ९.५ वरून थेट २० टक्के केला आणि निर्यातदारांना ८० टक्के परकीय चलन विकायला लावलं.

सगळ्यात आवडलं ते लाडा ग्रांटा या रशियन गाडीचं. जून २०२२ मध्ये गाडी परत लाइनवर आली, पण एअरबॅग नाही, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक न होऊ देणारी सिस्टीम) नाही. आमच्या शीटमध्ये ती पण आधीसारखीच एक पूर्ण गाडी धरली जाते! सरांनी यावर चांगला तासभर घालवला, आणि घालवायलाच पाहिजे.

मॉडेलमध्ये नवा सप्लायर पहिल्या दिवसापासनं जुन्यासारखाच माल देतो, हे मात्र पटलं नाही. क्युपोलात, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीत, कोक (जळणाचा कोळसा) बदलला तर सेट होईपर्यंत रिजेक्शन किती येतंय ते आमच्या फेटलिंगवाल्यांना, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्यांना, विचारा.

आणि बँकेचा भाग फारच कच्चा. रशियाचा सुमारे ३०० अब्ज डॉलरचा परकीय चलनसाठा गोठवला, स्विफ्टमधनं (देशोदेशीच्या बँकांचं पेमेंटचे निरोप पाठवायचं नेटवर्क) काही रशियन बँका काढल्या, हे दोन वाक्यांत उरकलं. माल आहे, गिऱ्हाईक आहे पण पैसे पाठवायचे कुठनं, खरी गोची तिथंच होते की हो. २०१२ नंतर इराणच्या तेलाचे थोडे पैसे आपण युको बँकेतनं रुपयात दिले, इतकं घरचं उदाहरण असताना घेतलंच नाही.

लॅपटॉप न्याच, मोबाईलवर शीट नीट उघडत नाही. पेमेंटवर जादा सेशन ठेवलं तर मी परत फी भरून बसणार.