बबलचा एअरबेड: कुणाला पुरतो, कुणाला नाही

नागपूरला धंतोलीत किंवा मेडिकल चौकाजवळच्या सर्जिकल दुकानात अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी एअरबेड मागितला, की बहुतेक वेळा बबलचाच हातात येतो. वर फुगे असलेली पीव्हीसीची चादर, दोन नळ्या आणि वहीएवढा पंप. हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या प्रकाराचं आहे. डब्यावरचं नाव बदललं तरी आतली रचना जवळपास तीच असते.

बेताचं वजन असलेल्या, त्वचा अजून शाबूत असलेल्या आजी-आजोबांसाठी तो पैसे वसूल करतो. पण दुकानात ‘हा लावला की कूस बदलायची गरज नाही’ असं सांगतात, ते साफ चुकीचं आहे आणि त्यापायी माणसांना दाबाच्या जखमा (बेडसोअर) होतात. दर दोन तासांनी कूस बदलायचीच, रात्रीसुद्धा. एअरबेड त्या दोन तासांतला दाब हलता ठेवतो, तेवढंच त्याचं काम.

फुग्यांचे दोन गट असतात, एक आड एक. पंप एका गटात हवा भरतो तेव्हा दुसऱ्यातली सोडतो आणि पाच-सहा मिनिटांनी उलट करतो. म्हणजे पूर्ण फेरा दहा-बारा मिनिटांचा. हाडाखालची एकच जागा सतत दबून राहिली, तर तिथल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि कातडी आतून मरू लागते. आलटून-पालटून हवा भरण्याचं कारण हेच.

लावताना एअरबेड नुसत्या दिवाणावर टाकू नका, खाली चार इंचांची फोमची गादी हवीच. फुगे वर, नळ्या पायाकडे, दोन्ही टोकांची मोकळी पट्टी गादीखाली दुमडलेली. पंप हुकांनी पायथ्याच्या फळीला टांगा. जमिनीवर ठेवला तर केरधूळ ओढतो. पंपावरचं दाबाचं बटण सर्वांत जास्तीवर ठेवून माणूस न झोपवता अर्धा तास भरू द्या, मग कमी करून वजनाप्रमाणे लावा. माणूस झोपल्यावर एक पूर्ण फेरा होऊ द्या आणि एअरबेड व फोम यांच्या मधे, माकडहाडाच्या खाली, पालथा नव्हे, उताणा तळवा सरकवा. हाड हाताला टेकतंय असं वाटलं तर दाब वाढवा. तळव्यावर इंचभर तरी हवेची उशी लागली पाहिजे. जेवणासाठी डोकं वर केलं की सारा भार बसण्याच्या जागेवर येतो, म्हणून ही तपासणी त्या स्थितीतही करा. टणक भरलेला बेड चांगला, हा समज बऱ्याच घरांत दिसतो. टणक फुग्यावर हाडाखाली दाब जास्तच पडतो आणि माणूस घसरतो.

सर्वांत जास्त बिघडतं ते वर अंथरलेल्या थरांमुळे. एअरबेडवर रबरी शीट, त्यावर दुहेरी चादर, त्यावर घडी केलेली साडी, त्यावर डायपर. एवढे थर झाले की फुग्यांची हालचाल अंगापर्यंत पोचतच नाही. एकच पातळ सुती चादर, सैल घातलेली, आणि गरज असेल तरच ओल शोषणारं एक अंडरपॅड. चादर ताणून खोचली की ती झोळीसारखी माणसाला वर धरून ठेवते आणि फुगे खाली नुसतेच हलत राहतात.

नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत कूलर बंद ठेवता येत नाही, आणि पीव्हीसी घाम शोषत नाही. कूलरची दमट हवा, पाठीखालचा घाम आणि डायपरचा ओलावा मिळून कातडी भिजून मऊ पडते, मग चादरीच्या घर्षणानेही सोलते. कूलरचा झोत थेट अंगावर घेऊ नका, समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. चादर दिवसातून किमान दोनदा बदला, जांघा आणि पाठ टिपून कोरडी करा. पावडर टाकू नका, घामात तिच्या गुठळ्या होतात आणि त्या टोचतात. पंपाची पिन कूलरच्या एक्स्टेंशन बोर्डात लावू नका, तिथे पाणी सांडतं.

लाईन गेली की पंपाच्या वाटे हवा हळूहळू उतरते. पंपाला वीज फार थोडी लागते, सहसा दहा वॅटच्या आत, म्हणून त्याचं सॉकेट इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर दोन्ही नळ्या पंपातून काढून दुमडा आणि घट्ट बांधा. हवा टिकेल, पण आलटापालट थांबलेली असेल, तेव्हा कूस बदलण्याची वेळ चुकवू नका.

एक गट फुगत नसेल तर आधी गादीखाली नळी मुडपली आहे का ते पाहा. बहुतेकदा तेच असतं. तसं नसेल तर पंपाकडच्या नळ्यांची अदलाबदल करून पूर्ण फेरा थांबा. आता दुसरा गट बसला तर दोष पंपात, बहुधा आतला रबरी पडदा फाटलेला किंवा कडक झालेला. तोच गट बसून राहिला तर गळती एअरबेडमध्ये किंवा नळीत. फुगवून, फुग्यांच्या कडांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे गळती दाखवतात. सेटबरोबरचा पॅच पूर्ण कोरड्या जागीच चिकटतो. गाऊनला सेफ्टी पिन मात्र नको. धुताना सौम्य साबण, ओलं फडकं आणि सावली. गच्चीवरच्या उन्हात वाळवलेलं पीव्हीसी कडक होऊन घडीवर तडकतं.

कूस बदलायची म्हणजे पूर्ण कुशीवर वळवायचं नाही. पाठीमागे उशी लावून तीस अंशांचा कल, गुडघ्यांत एक उशी. खुब्यावर सरळ झोपवलं तर तिथेच जखम होते. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी राहू द्या, कारण टाचेसाठी बबल जवळजवळ निरुपयोगी आहे. वर सरकवताना दोघांनी चादरीसकट उचला, ओढू नका. रोज सकाळी अंग पुसताना उजेडात माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरं, डोक्याची मागची बाजू पाहा. लाल दिसलं तर बोटानं दाबून सोडा. पांढरं होऊन परत लाल झालं तर तो भार काढा आणि पुन्हा बघा. रंग हललाच नाही तर इजा सुरू झाली आहे, त्या बाजूवर झोपवू नका आणि डॉक्टरांना दाखवा. सावळ्या कातडीवर लाली लपते, तिथे आजूबाजूपेक्षा गडद, गरम किंवा टणक लागतंय का ते हातानं तपासा. अशा जागी चोळू नका, तेलानंही नाही. मधे भोक असलेली रिंगही वापरू नका, तिच्या कडेने रक्त अडतं.

खोल जखम आधीच असेल, किंवा वजन ऐंशी-नव्वद किलोंच्या पुढे असेल तर बबलवर पैसे घालू नका. आडव्या जाड नळ्यांचा ट्यूब्युलर घ्या. तो महाग आहे, पण जड हाडाला खाली टेकू देत नाही. स्वतः उठू पाहणाऱ्या, विशेषतः विसराळूपणा वाढलेल्या माणसाला कुठलाही एअरबेड देताना विचार करा. कड दबते, माणूस घसरतो, आणि बेड उंचावल्यामुळे बाजूचे कठडे तेवढेच ठेंगणे होतात.

दोन-तीन महिन्यांची गरज असेल तर भाड्यानं घ्यायला हरकत नाही, पण दुकानातच पंप लावून अर्धा तास चालवून घ्या, दोन्ही गट आळीपाळीनं फुगताना डोळ्यांनी पाहा, आणि पंपाची वॉरंटी बिलावर वेगळी लिहून घ्या.