चेनसॉवरचं कंप्रेशन सोडायचं बटण : एक पावसाळा, एक उन्हाळा वापरल्यानंतर

साठ-सत्तर सीसीचा किंवा त्याहून मोठा कटर (म्हणजे चेनसॉ) घेणार असाल तर डिकॉम्प्रेशनचं, म्हणजे दोरी ओढताना सिलिंडरमधला दाब (कंप्रेशन) कमी करणारं बटण असलेलाच घ्या. पन्नासच्या आतला घेणार असाल तर त्या बटणासाठी एक रुपयाही जास्त मोजू नका. माझं मत एवढंच. ते कसं बनलं, ते पुढे सांगतो.

सिंहगड रस्ता, कोथरूड, पौडकडची फार्महाउसं अशा पट्ट्यात आमचं झाडांचं काम चालतं. मे महिन्यात वळवाचे दोन सडाके आले की गुलमोहराच्या फांद्या गाड्यांवर यायला लागतात आणि फोन थांबत नाहीत. (उभं झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या कायद्यानुसार आधी महापालिकेची परवानगी. ती नसेल तर मला बोलावू नका.) फांद्यांना छोटा कटर पुरतो. पण रेन ट्रीचा बुंधा आडवा पडला की मोठं मशिन लागतं, म्हणून बावीस इंची बारचा (बार म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) सत्तर सीसीवाला घेतला. सिलिंडरच्या वरच्या अंगाला ते छोटं बटण असतं. दुकानदार म्हणाला, "दाबायचं आणि ओढायचं, बाकी विसरून जायचं." पहिलं खरं आहे, दुसरं नाही.

आत काय होतं? बटण दाबलं की सिलिंडरच्या डोक्यातली बारीकशी वाट उघडते. दोरी ओढताना पिस्टन वर येतो तेव्हा दाबलेली थोडी हवा तिथून निसटते आणि दोरी हलकी लागते. सगळं कंप्रेशन जात नाही, पेट घ्यायला पुरेल इतकं उरतं. पहिला 'फट' झाला की त्या स्फोटाच्या दाबानेच बटणाखालचा व्हॉल्व्ह (झडप) आणि त्यासोबत बटण वर उचललं जातं आणि वाट बंद होते.

विहिरीवरचं डिझेल इंजिन हँडल मारून चालू केलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. खडकीच्या किर्लोस्करांची इंजिनं घरोघर होती तेव्हा आमच्या मामांकडे हेच चालायचं : लिव्हर उचलून धरायची, चाक गरागरा फिरवायचं, वेग आला की लिव्हर सोडायची. जुन्या बुलेटलाही त्यासाठी लिव्हर होती. फरक इतकाच की तिथे दाब परत आणायचं काम माणसाच्या हातात होतं, इथे मशिन ते स्वतः करतं. आणि खटके उडतात ते नेमके इथेच.

चोक लावून थंड मशिन ओढलं की ते एकदा फट करून गप्प होतं. तेवढ्या एका 'फट'ने बटण वर आलेलं असतं. कामावरचा पोरगा चोक काढतो, बटणाकडे न बघता जोरात ओढतो आणि पूर्ण कंप्रेशनचा हिसका मनगटाला बसतो. "काका, बटण दाबलं होतं की!" दाबलं होतं, बरोबर, पण मघाशी. आता परत दाबायला हवं. आमच्याकडे बटणाला शिव्या पडल्या त्यातल्या बहुतेक या एकाच गोष्टीपायी. आता नियम केलाय : प्रत्येक ओढीआधी अंगठा बटणावर. मशिन गरम असेल तर बटण न दाबताही चालू होतं, पण अंगठ्याची सवय मोडू नये म्हणून तेव्हाही दाबायला लावतो.

फायदा कुणाला, तर आधी खांद्याला. मशिन जमिनीवर, चेन ब्रेक (चेन फिरू न देणारा) लागलेला, उजवा पाय मागच्या मुठीत, डावा हात पुढच्या दांड्यावर, अशी ओढ दिवसात कितीदा मारावी लागते ते हे काम करणाऱ्यालाच ठाऊक. माझी पन्नाशी उलटली आहे. बटणामुळे मी स्वतः अजून मशिन चालू करतो, नाहीतर एव्हाना नुसतं उभं राहून सूचना देत बसलो असतो. दुसरा फायदा दोरीला आणि स्टार्टरच्या आतल्या खाचांना. हिसका कमी म्हणजे झीज कमी. शिवाय दोरी जड लागली की पोरं मशिन हातात लोंबकळत धरून झटक्यात चालू करायला बघतात. तो प्रकार मला अजिबात चालत नाही, आणि दोरी हलकी असली की तो मोह आपोआप कमी होतो.

आता त्रास. ओल्या भुश्यात चेनचं ऑइल मिसळून जो चिखल होतो तो बटणाभोवती जाऊन बसतो. पावसाळ्यात एकदा बटण अर्धवट खालीच अडकलं. मशिन चालू झालं, पण रेस घेईना, आणि वरून फस्स आवाज. वाट उघडी, ताकद बाहेर. तशा अवस्थेत मशिन दामटलं तर तिथून निघणारे गरम वायू बटणाचं प्लास्टिक खातात. ब्रशने साफ केलं, बटण वर-खाली केलं, काम सुरू. तेव्हापासून संध्याकाळी एअर फिल्टर झटकताना बटणाभोवतीही ब्रश फिरतो. काजळी आतून धरली तर मात्र व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि बारीक गळती लागते. ती ओळखायला गॅरेज लागत नाही. इंजिन थंड असताना, बटण वर असताना त्यावर साबणाचं पाणी सोडा आणि दोरी सावकाश ओढा. बुडबुडे आले तर व्हॉल्व्ह बदला. जुना काढण्याआधी आजूबाजूचा भुसा साफ करा, नाहीतर भोकातून थेट सिलिंडरमध्ये. आणि नवा आधी हाताने फिरवून बसवा, मग पाना. सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो, आटे एकदा गेले की पंचाईत.

व्हॉल्व्ह बदलायची वेळ आमच्यावर एकदा आली. बाजारात डुप्लिकेट मिळतात आणि स्वस्त पडतात. एक लावून बघितला, तर त्याची स्प्रिंग इतकी ढिली की बटण दाबलेलं राहायचंच नाही. अस्सलच घ्या.

आमच्या ओळखीतले एक मिस्त्री या सगळ्यावर एकच औषध सांगतात : व्हॉल्व्ह काढून फेका आणि तिथे बंद बोल्ट ठोका. तसे तयार बोल्ट मिळतातही. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, गळणारी एक जागा कायमची जाते. पण मिस्त्री दिवसभर मशिन ओढत नाहीत, आमची पोरं ओढतात. ज्याला व्हॉल्व्हविना चालवायचंय त्याने निदान आधी दोरी हळू ओढून अडेल तिथे आणावी आणि मग झटका द्यावा. छोट्या कटरला एवढं पुरतं, म्हणून तर तिथे बटणाची गरज नाही.

उगाच बटणाला दोष देऊ नये असंही एक कारण आहे. आमचं मशिन एकदा रुसून बसलं तेव्हा सगळ्यांची बोटं व्हॉल्व्हकडे. निघालं काय, तर दोन महिने कॅनमध्ये पडलेलं पेट्रोल-ऑइल. हल्ली पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी धरतं. लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल घालून लागेल तेवढंच ताजं मिसळायचं, उरलं तर टाकी रिकामी करून ठेवायची.

जुना मोठा कटर घेणार असाल तर बटणाच्या जागी बोल्ट आहे का ते आधी बघा. असेल तर का बसवला ते विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी कंप्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावायला सांगा. बटण असेल तर ते वर आहे याची खात्री करून मगच आकडा वाचा. खाली दाबलेल्या बटणावर चांगलं मशिनही मेल्यासारखं दिसतं, आणि तेवढ्यावरून भाव पाडणारे लोकही मी पाहिलेत.