गांधीजींचे सुवर्ण नाणे : सोने म्हणून चोख, स्मारक म्हणून तोकडे

स्वातंत्र्यलढ्यातील नेत्यांच्या स्मरणार्थ आपल्याकडे पुष्कळ नाणी निघाली असली, तरी ती बहुतेक मिश्रधातूची असतात. सोन्यातच असा चेहरा हवा असेल, तर चटकन आठवते ते एमएमटीसी या सरकारी व्यापार कंपनीने नोव्हेंबर 2015 मध्ये, धनत्रयोदशीच्या तोंडावर बाजारात आणलेले भारतीय सुवर्ण नाणे. त्याच्या एका बाजूस अशोकचक्र आणि दुसऱ्या बाजूस महात्मा गांधी आहेत.

माझ्याकडे 10 ग्रॅमचे नाणे आहे. शुद्धता 24 कॅरेट, म्हणजे 999 (हजारात 999 भाग सोने). त्यावर हॉलमार्क असून ते मोहोरबंद पाकिटात मिळाले. इतके शुद्ध सोने मऊ असल्याने चरे पडण्याची भीती असते, त्यामुळे पाकीट न उघडणेच शहाणपणाचे ठरते आणि नाणे तळहातावर घेऊन पाहण्याची हौस मनातच राहते. जुने सोव्हरिन हे ब्रिटिश सोन्याचे नाणे 22 कॅरेटचे, म्हणून हाताळायला टणक असे. (1918 मध्ये मुंबईच्या टांकसाळीतही ते पाडले गेले होते, अर्थात ब्रिटिश राजा पंचम जॉर्जच्या छबीसह.)

खरेदीच्या वेळी सोन्याच्या भावावर घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी पडतो; विकताना यांतले काहीच परत मिळत नाही. बँका सोन्याची नाणी विकतात, पण परत घेत नाहीत. सराफ घेतात, मात्र पाकीट फोडून कस पाहतात आणि अनेकदा घट धरतात. नाणे निघाले तेव्हा एमएमटीसीने ठेवलेली परतखरेदीची सोय ही म्हणूनच त्याची सर्वांत जमेची बाजू होती. पावती आणि पाकीट दोन्ही जपून ठेवावीत.

स्मारक म्हणून मात्र ते मला उणे वाटते. ते कोणत्या जयंतीसाठी नव्हे, तर सरकारच्या सुवर्ण योजनांच्या जोडीने निघाले. त्यामुळे त्यात गांधीजी आहेत, पण प्रसंग नाही. याउलट लोकमान्य टिळकांच्या 150 व्या जयंतीनिमित्त 2007 मध्ये निघालेले 100 रुपयांचे नाणे पाहावे. त्यात निम्मीच चांदी, वजन 35 ग्रॅम, पण 44 मिलिमीटरच्या त्या रुंद पृष्ठभागावर चेहरा नीट वाचता येतो आणि ते कशासाठी काढले हेही कळते. संग्राहकाने तेच घ्यावे. लग्नात किंवा बारशाला लक्ष्मीच्या छापाऐवजी काही वेगळे द्यायचे असेल, तर गांधीजींचे 5 ग्रॅमचे नाणे शोभून दिसेल. गुंतवणुकीसाठी 10 ग्रॅमचे घ्यावे, कारण लहान नाण्याला दर ग्रॅममागे घडणावळ सहसा जास्त पडते.