दोन कोऱ्या ओळी

पतसंस्थेत कॅशियर म्हणून माझी 26 वर्षं झाली. नव्या पोरींना पहिल्याच दिवशी सांगते, रोजकीर्दीत ओळ कोरी सोडायची नाही. सुटलीच तर तिरपी रेघ मारून सही करायची, नाहीतर तिथे मागाहून कुणीही काहीही लिहील. आणि अशाच कोऱ्या ओळींपायी मी 4 तोळ्यांच्या पाटल्या आणि 36,000 रुपये घालवून बसले.

कराडच्या बाजूला एक बाई होत्या, सगळे माई म्हणायचे. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपण लहानपणापासून ऐकतो. माईंना म्हणे रोज पहाटे दुसऱ्यांच्या घरचीच स्वप्नं पडायची. उठल्या उठल्या त्या ती वहीत उतरवायच्या, वर तारीख घालून. अंगात येणं, उतारे, भानामती यांना मी आयुष्यभर हसत आले. पण तारीखवार वही म्हटल्यावर मला ते चोख हिशेबासारखं वाटलं.

2022च्या श्रावणात शेजारच्या वहिनी मला घेऊन गेल्या. दार उघडणाऱ्या मुलीनं चहा दिला. माई आंघोळीला गेल्यात म्हणाली आणि गप्पा मारत बसली. उशीर का झाला, तर मी सांगून टाकलं: धाकटे दीर स्कूटरवरून पडले, पायाला प्लॅस्टर घालून आत्ताच घरी आणलंय. मुलगी कप घेऊन आत गेली. वीसेक मिनिटांनी माई आल्या, माझ्याकडे एकटक पाहिलं आणि 12 दिवसांपूर्वीचं पान उघडलं. ओला रस्ता, रडणारी म्हातारी, आणि खाली लिहिलेलं, ‘धाकटा. पाय. पांढरं बांधलेलं.’ माझ्या अंगावर काटा आला. आत गेलेला कप काही आठवला नाही.

मुलगा चाकणला कंपनीत आहे, शनिवारी येतो, सोमवारी पहाटे बाईकवरून परत जातो. हेही मीच कधीतरी बोलून गेले असणार. पुढच्या खेपेला माईंना बोगदा दिसला, बाहेर उजेड, मग वळण, आणि ‘आई’ अशी हाक. पुण्याच्या वाटेवर खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं ते अपघातांचं एस वळण सातारा जिल्ह्यात कुणाला ठाऊक नाही? पुण्याकडे पोर नोकरीला असलेल्या दहा घरांत हे स्वप्न सांगा, दहाही घरांत त्या रात्री कुणाचा डोळा लागणार नाही. हे आज कळतं. तेव्हा मी मटकन खाली बसले.

स्वप्न ‘फेडायला’ 21 पहाटे दिवा, त्याचे 11,000. मग अर्धंच फिटलं म्हणून 25,000. मग आईच्या हातातलं सोनं. पाटल्या माझ्यासमोर लाल फडक्यात बांधल्या, गाठीला हळदकुंकू लावलं. देवाला टेकवायला माई तेवढ्या पाठमोऱ्या झाल्या. पोटली तांदळाच्या डब्यात ठेवायची, अमावास्येआधी सोडायची नाही. आणि घरात कुणाकडे चकार शब्द काढायचा नाही, बोललं की स्वप्न पोरावर उलटतं. मला विचाराल तर सगळी मेख इथेच. त्या दिवसांत नवऱ्यापाशी एकदा जरी बोलले असते, तरी त्यांनी मला उंबरठा ओलांडू दिला नसता.

अमावास्येला चार दिवस असताना पुन्हा गेले. माई फोन घेऊन अंगणात गेल्या आणि वही समोर राहिली. सवयीनं चाळली. प्रत्येक पानावर तारखेखाली मोघम काहीतरी, पाणी, म्हातारी, अंधार, आणि त्याखाली दोन ओळी कोऱ्या. दीरांच्या पानावर तेवढ्या भरलेल्या. पेन वेगळं, अक्षर दाटीवाटीचं, शेवटचा शब्द समासात चढलेला. एकही शब्द न बोलता घरी आले, तांदळात हात घातला, गाठ सोडली. आत दोन पितळी बांगड्या.

पोलिसांनी आधी विचारलं, ‘तुम्ही स्वतःच्या हातानं दिलंत ना?’ हो, दिलं. पण भीती घालून लुबाडण्याला राज्यात 2013चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. 6 महिने ते 7 वर्षं कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड. नुसतं ‘फसवलं’ म्हणू नका, या कायद्याचं नाव घ्या. 25,000 मी त्या मुलीच्या नंबरवर फोनवरून पाठवले होते, त्याच्यावरच तक्रार उभी राहिली. 11,000 रोख दिले, त्यांचा कागद नाही. माई घर सोडून गेल्या. पाटल्या अजून मिळालेल्या नाहीत.

असं कुणी भेटलंच तर वही बघू नका. आजचं स्वप्न आज लिहून मागा, त्याचा फोटो आपल्या फोनमध्ये ठेवा, मग थांबा. मुलानं सांगितलं, वेल्समध्ये 1966 साली एबरफानची शाळा खाणीच्या ढिगाऱ्याखाली गाडली गेली, तेव्हा आपल्याला आधीच स्वप्न पडलं होतं म्हणणारे बरेच निघाले. मग जॉन बार्कर नावाच्या डॉक्टरानं 1967 मध्ये लंडनच्या एका वर्तमानपत्राच्या मदतीनं लोकांची भाकितं आधीच नोंदवून घ्यायला सुरुवात केली. शेकडो आली, जुळली ती मोजकीच. माईंनी असला फोटो एका दिवसासाठीही दिला नसता.

वहिनींना मी सगळं सांगितलं. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या डब्यातली पोटली त्यांनी अजून सोडलेली नाही.